विंगेतून दिलेलं वाक्य

झाडीपट्टीच्या नाटकांत मी तीस हंगाम प्रॉम्प्टिंग केलं, आणि त्या तीस हंगामांत प्रेक्षकांनी माझा चेहरा एकदाही पाहिला नाही. पाहिला असता तर माझं काम बिघडलं असं समजायचं. संपादक म्हणाले, ‘देवाजीभाऊ, दिवाळी आहे, नाटकातल्या गमतीजमती लिहा.’ गमती आहेत, एखाददुसरी सांगतोही. पण गेल्या वर्षी एका कादंबरीच्या प्रकाशनाला मी पडद्यामागे बसलो होतो, आणि त्या दिवसापासून लिहायला बसलं की तेच समोर येतं. तेव्हा गमती कमी होतील, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. धान कापून झालं की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या आसपास गावोगाव नाटकं सुरू होतात, ती उन्हाळा लागेपर्यंत. आज या गावात, उद्या पंचवीस कोसांवर. एका नटाच्या अंगावर हंगामात पाच-सहा नाटकं आणि तालमी मोजून दोन. एवढं पाठ कोण करणार? म्हणून विंगेत एक माणूस नाटकाची वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य, ते बोलायची वेळ येण्याच्या किंचित आधी, नटाच्या कानावर घालतो. कुजबुजायचं नाही, कुजबुज पहिल्या रांगेपर्यंत जाते. छातीतून, सपाट आवाजात, भाव न घालता द्यायचं. भाव नटाचा.

चांगला नट प्रॉम्प्ट घेतो ते प्रेक्षकांना कळत नाही. मला कळतं. मान विंगेकडे सूतभर वळते, डोळे एका जागी थांबतात आणि अर्ध्या श्वासानंतर वाक्य येतं. त्या अर्ध्या श्वासात तो माणूस तिथे नसतो. तोंड त्याचं, आवाज त्याचा, बोलणारा दुसराच. पहिल्या हंगामात ते पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. मी इथे अंधारात बसून काहीतरी म्हणतो आणि तेच समोर उजेडात एक माणूस रडत रडत म्हणतो, आणि त्याला आपण काय म्हणतोय याचा पत्ताही नसतो. पुढे सवय झाली. सवय कशाचीही होते.

गंमत सांगायची तर एकदा आरमोरीकडच्या एका गावात मरणाचा प्रवेश चालला होता. बाप शेवटचं बोलतोय, मुलगी पायाशी बसली आहे. चहावाला विंगेत आला, त्याला मी सवयीच्या त्याच आवाजात म्हणालो, ‘साखर कमी टाक.’ बापाची मान वळली आणि तो मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘साखर कमी टाक, पोरी.’ मांडवातल्या बाया ओक्साबोक्शी रडल्या. प्रयोग संपल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. तो बाप झालेला नट म्हणजे प्रभाकर.

प्रभाकर मूळचा वरोऱ्याचा. आमच्या मंडळात वीस हंगाम होता आणि ते वीसही हंगाम त्याला मीच प्रॉम्प्ट दिला. काही मंडळांत दोन्ही विंगांत प्रॉम्प्टर असतात, आमच्याकडे मी एकटा, उजव्या विंगेत. प्रभाकर पाठांतराला कच्चा, पण घ्यायला असा तयार की मी अर्धं अक्षर उच्चारावं आणि त्याने वाक्य पूर्ण करावं. तो मधेच थांबला तर मात्र मला कळायला हवं, की हा विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे. आमच्या धंद्यातली सगळी अक्कल इथे लागते. विसरलेल्याला दिलं नाही तर तो उघडा पडतो. आणि मुद्दाम थांबलेल्याला दिलं तर त्याच्या मनातलं जे यायचं होतं ते मरतं, आणि वहीतलं तेवढं बाहेर येतं. बाकीच्या नटांच्या बाबतीत माझी चूक व्हायची. प्रभाकरच्या बाबतीत कधी झाली नाही, अशी माझी समजूत होती.

त्याची बायको शैलावहिनी. वरोऱ्यालाच शाळेत शिक्षिका. नवरा वर्षातले पाच महिने घराबाहेर, उरलेले सात महिने पुढच्या हंगामाची वाट पाहण्यात. वहिनीच्या भावाने गडचांदूरला एका सिमेंट कंपनीत त्याची नोकरी पक्की केली होती. तो हो म्हणाला आणि दिवाळी झाली तशी पेटी उचलून वडशाला आला. निघताना वहिनी म्हणाली, ‘आता गेले तर घरी येऊ नोका.’ हे त्यानेच मला सांगितलं. त्या हंगामात तो तिच्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलला नाही.

त्याच हंगामात त्याला ताप आला. तीन दिवस गोळ्या खाऊन त्याने प्रयोग केले आणि आम्ही करू दिले. चौथ्या दिवशी तो आम्हाला ओळखेना. गडचिरोलीला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मलेरिया डोक्यात गेला आहे. वहिनीला फोन केला. ती चंद्रपूरला गाडी बदलून येत होती आणि खाटेशी मी एकटा होतो. दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. प्रभाकरने डोळे उघडले. मला ओळखलं. म्हणाला, ‘देवा, शैलाले सांग. म्या...’

आणि थांबला.

मी वाट पाहिली असती तर आज हा लेख लिहिला नसता. पण मी प्रॉम्प्टर. वीस वर्षं हा माणूस थांबला की मी दिलं होतं. माझ्या तोंडून छातीतून, सपाट आवाजात निघून गेलं, ‘माफ केलं.’ आमच्या नाटकांत तिसऱ्या अंकात सगळे असंच म्हणतात. प्रभाकरची मान माझ्याकडे सूतभर वळली. डोळे थांबले. अर्धा श्वास गेला. ‘माफ केलं,’ तो म्हणाला.

त्यानंतर तो तासभर होता, पण बोलला नाही. वहिनी पोचली तेव्हा संपलं होतं. तिने व्हरांड्यात माझे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, ‘काई बोलले का? माह्यासाठी काई बोलले?’ मी म्हणालो, ‘बोलला वहिनी. शैलाले सांग, म्या माफ केलं, असं बोलला.’ यात खोटं काय होतं? त्याच्याच तोंडचे शब्द होते. ती खाली बसली आणि तिथेच तिने पहिल्यांदा पाणी मागितलं.

सहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोलाही नाही. दर वर्षी प्रभाकरच्या पुण्यतिथीला वरोऱ्याला जायचो आणि वहिनी जमलेल्या लोकांना ते वाक्य सांगायची. एका वर्षी तिच्या शाळेतल्या एका मुलाचा बाप तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला असताना वाघाने मारला. मुलाची आई वहिनीकडे आली, म्हणाली, बाई, आमचंही सकाळी भांडण झालं होतं. वहिनीने तिला आपली गोष्ट सांगितली. ती बाई त्यानंतर दर रविवारी यायला लागली. तिच्यासारख्या आणखी दोघी यायला लागल्या. मी ते पाहायचो आणि मला वाटायचं, आता तर सांगणं शक्यच नाही. वहिनी बरी झाली होती, दुसऱ्यांना बरं करत होती, आणि ते सगळं माझ्या तोंडून सवयीने निघालेल्या दोन शब्दांवर उभं होतं.

मग तिने कादंबरी लिहिली. नाव ‘पोचलेला निरोप’. तीत नवरा नट नाही, पुलाच्या कामावरचा मिस्त्री आहे, पण शेवटच्या पानावर वाक्य तेच आहे. पुस्तक छापून आलं तेव्हा ती स्वतः माझ्या घरी आली.

‘भाऊ, वडशाले प्रकाशन ठेवलं. त्यायच्या नाटकवाल्यायसमोर. मले भाषण कराचं हाये आन शेवटचं पान म्हणून दाखवाचं हाये. वाचून नाई, तोंडपाठ. वर्गात मी चार-चार तास बोलतो, पण त्या पानाशी माहा गळाच बसते.’

‘मंग वाचूनच दाखवा ना वहिनी.’

‘नाई. तुमी विंगेत बसा. मी अटकली का द्या. तुमी मांगं असले का मले ते असल्यासारखे वाटतीन.’

मी नाही म्हणायला हवं होतं. माझं निवृत्तीचं वय झालं, दम लागतो, काहीही सांगता आलं असतं. मी हो म्हणालो.

रविवारी सकाळी अकराला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. जुना रंगमंच, दोन्ही बाजूंना विंगा. उजव्या विंगेत मी खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक घेऊन बसलो. समोरच्या डाव्या विंगेत शाळेची मोडकी बाकं रचून ठेवली होती, त्यांच्यावर झेंड्याच्या काठ्या. तिथे माणूस बसायला जागाच नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मी स्वतः जाऊन पाहिलं.

सभागृह भरलं होतं. आमच्या मंडळातले जुने लोक होते, शिक्षक होते, आणि पहिल्या रांगेत त्या तिघी बाया, प्रत्येकीच्या मांडीवर पुस्तक. पाहुण्यांची भाषणं झाली, पुस्तकावरचा कागद काढला गेला, फोटो झाले. मग वहिनी उठली.

ती छान बोलली. म्हणाली, नवरा गेल्यावर पहिली दोन वर्षं त्याची रंगपेटी मी उघडली नाही, मग एक दिवस उघडली तर रंगाला त्याच्या बोटांचे ठसे होते, ते जातील म्हणून पुन्हा बंद केली. म्हणाली, लोक सांगतात विसरा, पण विसरायला लागलं की जास्त भीती वाटते. तिच्या आवाजात कुठेही रडं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बाया माना हलवत होत्या. मला तोवर एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. मी एका बोटाने ओळ धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, असंच निभू दे.

मग ती शेवटच्या पानावर आली. टेबलाच्या पुढे येऊन उभी राहिली, हात रिकामे. दवाखाना, ऊन, खाट, सगळं पुस्तकात आहे तसं म्हणाली. ‘मिस्त्रीने डोळे उघडले. म्हणाला, तिले सांग, म्या...’

आणि थांबली.

मी थांबलो. या वेळी खरंच थांबलो. सभागृहात कोणीतरी खोकलं. तिचा गळा हलताना मला दिसत होता. ही विसरलेली नाही, हे मला कळत होतं, कारण हे वाक्य ती झोपेतही विसरली नसती. पण तिने आधीच सांगून ठेवलं होतं, अटकली का द्या. शेवटी मी दिलं, ‘माफ केलं.’

तिने घेतलं नाही.

तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ज्याला हवं असतं तो घेतो, ज्याला नको असतं त्याचा खांदा तरी उडतो. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नाही असं वाटलं. मी पुन्हा द्यायला श्वास घेतला, आणि तेवढ्यात तिची मान वळली. माझ्याकडे नाही. डावीकडे, सूतभर. डोळे एका जागी थांबले. अर्धा श्वास गेला.

‘म्या तुले पाह्यलं,’ ती म्हणाली.

पुन्हा मान तेवढीच वळली. पुन्हा अर्धा श्वास.

‘तू वसरीत सूप घेऊन बसली होती. सोयाबीन पाखडून राह्यली होती.’

पुन्हा.

‘फाटकाशी उभा राह्यलो. हाक नाई मारली. तसाच परत गेलो.’

तिचा स्वर सपाट होता, भाव न घातलेला. मी वाचून दाखवावं तसा. माझ्या हातातलं पुस्तक केव्हा खाली पडलं मला कळलं नाही. समोरच्या विंगेत बाकं होती आणि काठ्या होत्या, आणि मी हलणाऱ्या हवेचासुद्धा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. लोकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं हे पुस्तकातलंच आहे. टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. वहिनी मात्र आपल्याच तोंडावर दोन बोटं ठेवून उभी होती.

टाळ्या चालू असतानाच ती विंगेत आली. चेहरा पांढरा पडला होता.

‘भाऊ, हे तुमी काऊन देलं? हे पुस्तकात नाई.’

मी खाली पडलेलं पुस्तक उचललं.

‘तुमाले सांगतलं होतं का त्यायनं? तो दिवस कोनालेच मालूम नाई. सुपातून नजर नाई काढली म्या. फाटकाशी कोनी आलं हे समजलं होतं मले. चपलीचा आवाज समजला होता. मले राग होता, म्हणून वर पाह्यलं नाई. थोड्या वेळानं पाह्यलं त कोनीच नोतं.’ तिने माझा दंड धरला, दवाखान्यात धरला होता तसाच. ‘सांगा ना भाऊ. त्यायनं सांगतलं होतं ना तुमाले?’

त्या हंगामात प्रभाकर एकदा सकाळच्या गाडीने कुठेतरी गेला होता आणि संध्याकाळी परस्पर प्रयोगाच्या गावी आला होता. विचारलं तर दाढीचं सामान आणायला गेलो होतो म्हणाला. सामान हातात नव्हतं. एवढंच मला माहीत होतं, आणि तेही तिथे उभ्या उभ्या आठवलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. प्रभाकरने सांगितलं होतं, मी आज दिलं, एवढं म्हटलं की तिचा चेहरा ठिकाणावर आला असता आणि माझाही. पुन्हा एकदा तिला हवं ते वाक्य माझ्या छातीपर्यंत आलं होतं.

‘वहिनी,’ मी म्हणालो, ‘हे म्या नाई देलं. पुस्तकात हाये ते म्या देलं होतं.’

तिला आधी समजलं नाही. मग मी खाट सांगितली, तो ‘म्या’ म्हणून थांबला ते सांगितलं, आणि त्याची मान माझ्याकडे कशी वळली ते सांगितलं. नटाची बायको ती. मान वळली म्हटल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही. ती पडद्याला धरून उभी राहिली. बाहेर सूत्रसंचालक तिचं नाव पुकारत होता, सह्यांसाठी लोक रांगेत उभे होते.

ती मला शिव्या देईल असं मला वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बराच वेळ डाव्या विंगेतल्या बाकांकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘थोडं थांबाले पायजे होतं, भाऊ तुमी.’

एवढंच. आणि सह्या करायला गेली. तासभर तिने सह्या केल्या, प्रत्येकाशी नीट बोलली, त्या तिघी बायांना पोटाशी धरलं. शेवटचं पान छापलं आहे तसंच आहे, तिने ते बदललं नाही. त्या बायांचं ते वाक्य आहे आता, माझंही नाही आणि प्रभाकरचंही नाही, असं काहीसं ती नंतर एकदा म्हणाली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. चंद्रपूरला पुस्तकावर बोलायचं आहे, या म्हणाली. मी म्हणालो, ‘वहिनी, आता कायले?’

‘उजवीकडंच बसा. पन काई देऊ नोका. मी थांबली तरी देऊ नोका.’

मी गेलो. त्यानंतर ब्रह्मपुरीला गेलो, मूलला गेलो, वरोऱ्याला गेलो. ती शेवटच्या पानाशी येते, ‘म्या’ म्हणते आणि थांबते. मान डावीकडे वळते. लोकांना वाटतं बाई गहिवरल्या. सगळं सभागृह वाट पाहतं, तीही वाट पाहते, आणि दर वेळी थोडी जास्त. वडशानंतर तिला पुन्हा काही आलेलं नाही. मग ती स्वतःच छापलेलं वाक्य म्हणते आणि नमस्कार करते. तेवढा वेळ मी विंगेत बसून असतो. माझे ओठ हलायला लागतात, शब्द घशाशी येतो, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरतो.